वेस्टमिन्स्टर ॲबी: तिकिटापासून पश्चिम दारापर्यंत, क्रमाने

लंडनला जाऊन आलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांच्या अल्बममध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीचा फोटो असतो, पण तो बाहेरून काढलेला. आत जायचं राहिलं कारण रविवार होता, किंवा चार वाजले होते, किंवा टूरच्या कागदावर नाव होतं पण प्रवेश नव्हता. जे आत जातात तेही अनेकदा राज्याभिषेकाची खुर्ची न बघता बाहेर पडतात. या सगळ्याचं मूळ एकच: ही जागा संग्रहालय धरून बेत आखला जातो. ॲबी हे रोज प्रार्थना चालणारं चर्च आहे, थेट राजसत्तेच्या अखत्यारीतलं. त्याचं स्वतःचं वेळापत्रक आहे आणि पर्यटकांना त्यातल्या मोकळ्या वेळात प्रवेश मिळतो. म्हणून आधी ते वेळापत्रक बघायचं आणि मग आपला दिवस लावायचा.

## टप्पा १: कोणत्या प्रकारची भेट हवी ते ठरवा

आत जाण्याच्या चार वेगवेगळ्या वाटा आहेत. त्यांची गल्लत झाली की पैसे किंवा वेळ वाया जातो.

नेहमीचं तिकीट. सोमवार ते शनिवार. प्रौढांना साधारण ३० पौंड. तिकिटातच श्राव्य मार्गदर्शक यंत्र मिळतं. नेव्ह (मधलं लांब दालन), राजांच्या कबरी, लेडी चॅपेल (मेरीमातेच्या नावाचं प्रार्थनागृह), पोएट्स कॉर्नर (कवी-लेखकांचा कोपरा), क्लॉइस्टर (भोवती ओसरी असलेला चौक), चॅप्टर हाउस (मठाच्या सभेचं दालन) आणि राज्याभिषेकाची खुर्ची हे सगळं यात येतं.

वरच्या मजल्यावरची गॅलरी. क्वीन्स डायमंड ज्युबिली गॅलरीज, २०१८ साली उघडलेल्या. यांचं तिकीट वेगळं, काही पौंडांचं, आणि आत जायची वेळही वेगळी ठरलेली.

व्हर्जरसोबतची फेरी. व्हर्जर म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारा सेवक. ही फेरी सुमारे ९० मिनिटांची, इंग्रजीतून, जादा शुल्काची. एडवर्ड द कन्फेसर या राजाची समाधी उंच ओट्यावर आहे. नेहमीच्या तिकिटावर त्या ओट्यावर जाता येत नाही, या फेरीत नेतात. इंग्लंडच्या मध्ययुगीन राजांमध्ये खरा रस असेल तर हे पैसे द्यावेत. नुसती उत्सुकता असेल तर नाही दिले तरी चालतील.

प्रार्थना. मोफत, कोणत्याही धर्माच्या माणसासाठी खुली. मात्र एका जागी बसायचं आणि संपल्यावर बाहेर पडायचं. फिरता येत नाही, फोटो काढता येत नाहीत. ‘फुकट प्रवेशाची युक्ती’ म्हणून हा मार्ग सुचवला जातो. त्या भरवशावर गेलेल्यांना कबरीही दिसत नाहीत आणि प्रार्थनेतही लक्ष लागत नाही.

> खबरदार: ग्रुप टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘वेस्टमिन्स्टर ॲबी’ एवढंच लिहिलं असेल तर बस बाहेर थांबवून फोटोपुरता वेळ मिळेल असंच समजा. प्रवेश धरलेला आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

## टप्पा २: दिवस आणि वेळ

रविवारी पर्यटकांना प्रवेश नाही. नाताळच्या दिवशी आणि गुड फ्रायडेलाही नाही. एरवी आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास दार उघडतं आणि शेवटचा प्रवेश दुपारी साडेतीनच्या आसपास असतो. शनिवारचं वेळापत्रक वेगळं आणि बहुधा आखूड. हे आकडे बेत आखण्यापुरते घ्या. नेमकी वेळ त्या तारखेची, ॲबीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या दिनदर्शिकेतून, एकदा तिकीट काढताना आणि एकदा आदल्या रात्री बघा.

दोनदा बघायचं कारण म्हणजे विशेष प्रार्थनासभा. मार्चच्या दुसऱ्या सोमवारी कॉमनवेल्थ दिनाची सभा असते, ऑक्टोबरच्या सुरुवातीला न्यायाधीशांची, नोव्हेंबरमध्ये युद्धस्मृतीची. अशा दिवशी ॲबी अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस बंद राहते. राजघराण्यात लग्न किंवा अंत्यसंस्कार असेल तर जास्तच.

सगळ्यात चांगली वेळ आठवड्याच्या मधल्या दिवसाची पहिली वेळ. दहा-साडेदहानंतर बसमधले गट येऊ लागतात आणि लेडी चॅपेलच्या अरुंद वाटांवर माणसं तुंबतात. ज्यांना संध्याकाळची प्रार्थनाही ऐकायची आहे त्यांनी दुपारी दोनच्या आसपासची वेळ घ्यावी. चारला बाहेर, चहा, आणि मग पुन्हा रांग.

नुसत्या ॲबीला दोन तास द्या. गॅलरी धरली तर तीन. ‘पाऊण तासात उरकू’ म्हणणारे नेव्हमध्येच अर्धा तास घालवतात आणि पुढचं पळत बघतात.

> तपासा: तिकिटावर तारीख आणि वेळ दोन्ही बरोबर आहेत ना? ते वेस्टमिन्स्टर ॲबीचंच आहे ना? वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल हे व्हिक्टोरिया स्टेशनजवळचं विटांचं कॅथलिक चर्च आहे, साधारण एक किलोमीटर दूर. नकाशात घाईने नाव टाकलं की लोक तिथे पोचतात.

## टप्पा ३: सोबत काय घ्यायचं, काय नाही

दारात सुरक्षा तपासणी होते. मोठी बॅग किंवा चाकांची सूटकेस आत नेऊ देत नाहीत आणि सामान ठेवायची सोयही नाही. विमानतळावरून थेट येणार असाल किंवा हॉटेल सोडून निघालेला असाल, तर सामान व्हिक्टोरिया किंवा चेरिंग क्रॉस स्टेशनवरच्या लगेज काउंटरवर ठेवून या. हा मुद्दा ऐन वेळी कळला की निदान तासभर जातो, आणि तिकिटाची ठरलेली वेळ तोवर हुकलेली असते.

आत खाणंपिणं चालत नाही. घरून नेलेला डबा बॅगेतच ठेवा.

पादत्राणं काढायची नाहीत. देवळाच्या सवयीने दाराशी घुटमळू नका. उलट जाड तळाचे बूट घाला, कारण फरशी दगडी, जागोजागी झिजलेली, आणि मे-जूनमध्येही थंडगार असते. पुरुषांनी टोपी काढायची. कपड्यांचे कडक नियम नाहीत. एक पातळ स्वेटर मात्र हवाच.

फूल, हार, नैवेद्य असं काही वाहायचं नसतं. मेणबत्ती लावायची इच्छा असेल तर आत ठरलेली जागा आहे. तिथल्या पेटीत पैसे टाका आणि तिथलीच मेणबत्ती घ्या.

आईवडील सोबत असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा हिशेब आधी करा. दोन तास बहुतेक उभ्यानेच जातात. बसायला नेव्हमध्ये खुर्च्या आहेत आणि चॅप्टर हाउसमध्ये भिंतीला लागून दगडी बैठक आहे. या दोन ठिकाणी ठरवून थांबा. लेडी चॅपेलला पायऱ्या आहेत. व्हीलचेअर असेल तर दारातल्या सेवकाला सुरुवातीलाच सांगा म्हणजे सोपी वाट दाखवतील.

## टप्पा ४: पोचणं आणि दार शोधणं

भुयारी रेल्वेचं वेस्टमिन्स्टर स्टेशन सर्वांत सोयीचं. ज्युबिली, डिस्ट्रिक्ट आणि सर्कल या तिन्ही मार्गिका तिथे थांबतात आणि लिफ्टही आहे. बाहेर आलं की बिग बेन समोर. पार्लमेंट स्क्वेअर ओलांडायला पाच-सात मिनिटं. सेंट जेम्सेस पार्क स्टेशनही जवळ आहे आणि गर्दी कमी, पण ज्येष्ठांसाठी वेस्टमिन्स्टरच बरं.

शनिवारी पार्लमेंट स्क्वेअरवर मोर्चे निघतात आणि बसमार्ग वळवतात. शनिवारची वेळ असेल तर बस टाळा, रेल्वेने या.

दाराचा घोळ नेहमीचा आहे. फोटोत दिसणारे दोन उंच मनोरे पश्चिमेला आहेत, म्हणून लोक तिथे जाऊन रांग शोधतात. तिकीटवाल्या पर्यटकांचा प्रवेश उत्तरेच्या मोठ्या दाराने, पार्लमेंट स्क्वेअरच्या बाजूने. पश्चिमेचं दार बाहेर पडायचं. उत्तर बाजूला लागूनच जे छोटं पांढरं चर्च दिसतं ते सेंट मार्गारेट्स, ॲबी नव्हे.

ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटं आधी पोचा. स्वच्छतागृहाचं काम रांगेत लागण्याआधी उरका.

## टप्पा ५: आत शिरल्यावर, क्रमाने

वाट बरीचशी एकेरी आहे आणि गर्दीनुसार सेवक ती बदलतात. त्यामुळे ‘हे नंतर बघू’ हा विचार इथे चालत नाही. समोर आलं की तिथेच बघून घ्या. खालचा क्रम नेहमीच्या वाटेला धरून आहे. तो थोडा मागेपुढे झाला तरी यादीतलं काही सुटू देऊ नका.

५.१ उत्तर भुजा. चर्चचा आराखडा क्रुसाचा. तुम्ही त्याच्या डाव्या हातातून आत येता. इथे राजकारणी आणि सेनानी यांचे पुतळे दाटीने उभे आहेत आणि लोक यंत्र कानाला लावण्याच्या गडबडीत त्यांच्यासमोरून निघून जातात. इथे व्हाइस ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचं स्मारक शोधा. त्यावर चंद्रनगर आणि कलकत्ता यांच्याबरोबर ‘घेरिया’ हे नाव आणि १७५६ साल रोमन आकड्यांत कोरलेलं आहे. घेरिया म्हणजे विजयदुर्ग. तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्या फेब्रुवारीत तिथेच जळालं, आणि इंग्रजांच्या जोडीला जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य होतं. श्राव्य यंत्राच्या भरवशावर राहू नका, सापडलं नाही तर सेवकाला ‘वॉटसन’ म्हणून विचारा.

५.२ नेव्ह. नेव्ह म्हणजे मधलं लांब दालन. पश्चिम टोकाला जा, पूर्वेकडे तोंड करून उभे राहा आणि वर बघा. छत सुमारे ३१ मीटर उंच आहे, इंग्लंडमधल्या गॉथिक छतांत सर्वांत उंच, आणि दालन त्या मानाने अरुंद. म्हणून ते आहे त्यापेक्षाही उंच वाटतं. टोकदार कमानी आणि छताच्या दगडी फासळ्या वजन खांबांवर आणतात. बाहेरच्या बाजूला झुकणाऱ्या आधारकमानी भिंतींना रेटा देतात. त्यामुळेच भिंतीत एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवता आल्या. आधारकमानी आतून दिसत नाहीत. त्या क्लॉइस्टरमधून दिसतील, तेव्हा हे आठवा.

पायाखाली कबरींच्या शिळा आहेत. आपल्या माणसांना त्यांच्यावर पाय ठेवायला संकोच वाटतो आणि ती उड्या मारत चालतात. चालायला हरकत नाही, सगळे चालतात. अपवाद एकच: अज्ञात सैनिकाची कबर, पश्चिम दाराजवळची, काळ्या संगमरवराची, भोवती लाल पॉपीच्या फुलांची चौकट. ११ नोव्हेंबर १९२० ला इथे दफन झालं. या शिळेवर कोणीही पाय ठेवत नाही, राज्याभिषेकाची मिरवणूकसुद्धा वळसा घालून जाते.

नेव्हच्या मध्यावर डेव्हिड लिव्हिंगस्टन या आफ्रिकेत फिरलेल्या शोधप्रवाशाची शिळा आहे. आफ्रिकेतून त्याचा देह इथवर पोचवणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट हा गुलामीतून सुटलेला तरुण नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकला होता. १८ एप्रिल १८७४ ला दफनाच्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

पूर्वेकडे चालत गेलं की आडवा पडदा लागतो. त्याच्या डावीकडे न्यूटनचं स्मारक. जवळच जमिनीवर स्टीफन हॉकिंग आणि डार्विन. हॉकिंगची शिळा पायाखाली आहे आणि बहुतेक लोक न्यूटनचा फोटो काढताना नेमके तिच्यावरच उभे असतात.

५.३ क्वायर आणि मुख्य वेदी. पडद्यापलीकडे गायकांच्या लाकडी बैठका, पुढे मुख्य वेदी. वेदीसमोरची नक्षीदार फरशी म्हणजे कॉस्माटी फरसबंदी, १२६८ सालची, रंगीत दगड-काचेच्या तुकड्यांची. राज्याभिषेक होतो तो या फरशीवर. २०२३ च्या ६ मे रोजी चार्ल्स तिसऱ्याचा झाला तो इथलाच. कडेने उभं राहून बघा आणि तिथे दोन मिनिटं जास्त द्या, कारण डोळ्यांना आकृती जुळायला वेळ लागतो.

५.४ राजांच्या कबरी. वेदीच्या मागे एडवर्ड द कन्फेसरची समाधी आणि तिच्याभोवती तिसरा हेन्री, पहिला एडवर्ड, तिसरा एडवर्ड, दुसरा रिचर्ड, पाचवा हेन्री. तुम्ही खालच्या वाटेवरून जाता, त्यामुळे कबरींची पाठ आणि बाजू दिसते, वरचे पुतळे अर्धवट. इथे निराश होऊन लोक वेग वाढवतात. वेग वाढवू नका. पहिल्या एडवर्डची बिनानक्षीची करड्या दगडाची पेटी आणि जवळच त्याच्या राणीची, एलेनॉरची, धातूची सोनेरी मूर्ती, हा विरोधच बघण्यासारखा आहे.

५.५ लेडी चॅपेल. सगळ्यात जास्त वेळ इथे. सातव्या हेन्रीने १५०३ मध्ये बांधायला घेतलेलं हे चॅपेल पंख्यासारख्या दगडी छतासाठी प्रसिद्ध आहे. मान दुखेपर्यंत वर बघण्यापेक्षा फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून आरशासारखा छातीजवळ धरा, सगळं छत आरामात दिसतं.

इथली मोठी चूक अशी: लोक मधल्या भागातच फिरतात आणि बाजूचे दोन चिंचोळे भाग राहून जातात. डावीकडे, उत्तरेला, पहिली एलिझाबेथ. त्याच कबरीत तिची सावत्र बहीण पहिली मेरीही आहे, पण मूर्ती फक्त एलिझाबेथची. उजवीकडे, दक्षिणेला, स्कॉट्सची राणी मेरी, जिला एलिझाबेथच्या राजवटीत १५८७ साली मृत्युदंड झाला. या दोन्ही कबरी स्कॉट्सच्या मेरीच्या मुलाने, पहिल्या जेम्सने, बांधून घेतल्या. एक बघून दुसरी सोडणं म्हणजे अर्धंच भांडण ऐकणं.

> तपासा: पुढे जाण्याआधी दोन्ही बाजूंचे भाग झाले ना? एकेरी वाटेने परत येणं अवघड आहे.

५.६ पोएट्स कॉर्नर. दक्षिण भुजा. इथे नाव आहे म्हणजे कबर आहे असं नाही. चॉसर, डिकन्स खरंच इथे आहेत. शेक्सपिअरचा पुतळा आहे, कबर स्ट्रॅटफर्डला. डिकन्सच्या शेजारी मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या अस्थी आहेत. गर्दी पुतळ्यांपाशी जमते, खऱ्या कबरी मात्र पायाखाली आहेत. नजर खाली ठेवा.

गॅलरीचं तिकीट असेल तर वर जायची वाट इथूनच. १०८ पायऱ्या किंवा लिफ्ट. वर राजांच्या अंत्ययात्रेत वापरलेल्या मूर्ती आहेत, पण मला विचाराल तर पैसे वसूल होतात ते १६ मीटर उंचीवरून खाली नेव्हकडे बघताना. ठरलेल्या वेळेला दहा मिनिटं असताना पोएट्स कॉर्नरमध्येच राहा.

५.७ क्लॉइस्टर आणि चॅप्टर हाउस. मोकळ्या हवेचा चौक आणि भोवतीची ओसरी. बऱ्याच जणांना इथे ‘झालं’ असं वाटतं. झालेलं नाही. चॅप्टर हाउसकडे जाणाऱ्या बोळातलं लाकडी दार १०५० च्या दशकातलं, ब्रिटनमधलं सर्वांत जुनं दार. आतल्या अष्टकोनी दालनाचं छत मधल्या एका सडपातळ खांबावर उमललेलं आहे आणि फरशा तेराव्या शतकातल्या. दगडी बैठकीवर पाच मिनिटं टेका.

५.८ राज्याभिषेकाची खुर्ची. क्लॉइस्टरमधून पुन्हा नेव्हच्या पश्चिम टोकाला याल. दाराकडे तोंड केलं की डाव्या हाताला, सेंट जॉर्जच्या छोट्या चॅपेलमध्ये, पहिल्या एडवर्डसाठी १३०० च्या सुमारास बनवलेली ओकची खुर्ची. लोक गर्दीबरोबर थेट दाराबाहेर जातात आणि एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. खुर्चीच्या पाठीवर शाळकरी पोरांनी कोरलेली नावं दिसतील. बैठकीखालची जागा रिकामी आहे. तिथे ठेवलेला स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड १९९६ साली स्कॉटलंडला परत गेला, आता तो तिथल्या पर्थच्या संग्रहालयात असतो.

## टप्पा ६: आत वागताना

फोटो स्वतःपुरते काढता येतात. फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक चालत नाही. प्रार्थना चालू असताना, एडवर्ड द कन्फेसरच्या समाधीपाशी आणि वरच्या गॅलरीत फोटो नाही. व्हिडिओ कॉलवर घरच्यांना दाखवत फिरणं टाळा. आवाज दगडी छतावरून घुमतो आणि पाठोपाठ सेवक येतो.

दर तासाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपकावर छोटी प्रार्थना होते. मिनिटभर असाल तिथे शांत उभे राहा. बोलत राहणारे गट नेमके याच वेळी उठून दिसतात.

## टप्पा ७: संध्याकाळची प्रार्थना ऐकायची असेल तर

याला ईव्हनसाँग म्हणतात. आठवड्याच्या दिवशी बहुधा पाच वाजता, रविवारी तीनला, साधारण पाऊण तास. बुधवारी ती अनेकदा गायकांशिवाय, नुसती वाचून होते. म्हणजे गाण्यासाठी जाणाऱ्यांनी बुधवार टाळावा. शाळांच्या सुट्टीत ॲबीच्या स्वतःच्या गायक मुलांऐवजी पाहुणे गायक असतात.

१. सुरुवातीच्या ३० ते ४५ मिनिटं आधी फाटकाशी जा आणि ‘ईव्हनसाँग’ एवढं सांगा. ते रांग दाखवतील.

२. लवकर आलेल्यांना क्वायरमध्ये, गायकांच्या जवळ बसवण्याची शक्यता जास्त.

३. जागेवर छापील क्रमपत्रिका असते. कधी उठायचं, कधी बसायचं ते तिच्यात. गोंधळ झाला तर पुढच्या रांगेचं अनुकरण करा. श्रद्धेच्या कबुलीच्या वेळी लोक पूर्वेकडे वळतात, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालतं.

४. मध्येच उठून जाता येत नाही. लहान मूल असेल तर कडेची जागा मागा.

५. संपल्यावर दानपात्र असतं. ऐच्छिक आहे.

रविवारी सकाळच्या मोठ्या प्रार्थनेला गेलात आणि लोक प्रसादासाठी पुढे जाऊ लागले, तर जागेवर बसून राहणं पूर्णपणे योग्य आहे. पुढे जायचंच असेल तर छातीवर हात घडी करून ठेवा, म्हणजे प्रसादाऐवजी आशीर्वाद देतात.